कानात सांगितलेला पासवर्ड

“मेघबाबा, तुमच्या स्वतःच्या फोनला पासवर्ड आहे का?”

हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारणारी होती एक शाळकरी मुलगी. वर्गात तिला सगळ्या ‘भोंगा’ म्हणायच्या, कारण तिची कुजबुजसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचायची. आज तो आवाज व्यापारी संघाच्या अख्ख्या सभागृहात घुमला. दाटीवाटीने बसलेल्या दुकानदारांनी माना वळवल्या, आणि पुढच्या रांगेतले तिचे पप्पा खुर्चीत इतके खाली सरकले, की त्यांचं फक्त टक्कल दिसत राहिलं.

व्यासपीठावरचे पांढऱ्या कोटातले मेघबाबा गोड हसले. “बाळ, ज्याची नजर मेघलोकात पोचते, त्याला कुलपं कशाला?” असं म्हणताना त्यांनी समोरचा टॅबलेट मात्र हळूच पालथा घातला.

मेघलोक म्हणजे क्लाउड. बाजारातल्या सगळ्या दुकानांच्या फायली हल्ली तिथेच, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर असायच्या. त्या चोरांपासून राखायला बाबा दुकानांभोवती ‘कवच’ घालत. आणि आपली नजर तिथवर पोचते हे पटवायला दर सभेत एक चमत्कार करत.

आज त्यांनी डोळे मिटले, बोट हवेत फिरवलं आणि ते पोस्टात काम करणाऱ्या एका ताईंवर थांबवलं. “ताई, तुमच्या डोक्यावर आहे ते तुमचं नाही. तुमचं होतं ते आजारानं नेलं.”

सभागृहानं आ वासला, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

भोंग्याला बाबाची शिसारी आलीच, त्याहून जास्त त्या टाळ्यांची आली. कारण ताईंच्या डोक्यावरचा तो केसांचा टोप तिच्या आईपप्पांनी बनवला होता. आजारपणात केस गेलेल्यांसाठी टोप बनवणं हा घरचा धंदा. गिऱ्हाइकानं पुढच्या दारानं यायचं आणि मागच्या दारानं जायचं, म्हणजे एकाची दुसऱ्याशी गाठ पडत नाही, अशी दुकानाची रीत. उघड्या डोक्यांचे फोटो, मापं, केस का गेले त्याची नोंद, सगळं क्लाउडवर.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आल्या. डोक्याला रुमाल होता. टोपाची पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. “तुमच्या तिघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं,” एवढंच म्हणाल्या आणि आल्या तशा पुढच्याच दारानं निघून गेल्या.

आई डोळे पुसत बसली. पप्पा म्हणाले की बाबा अंतर्यामी आहेत, त्यात आपला काय दोष? भोंग्याने मग त्या कवचाची खोदून खोदून चौकशी केली. पप्पांनी आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. बाबा कानात एक मंत्र सांगतात. तोच पासवर्ड ठेवायचा. कुणाला सांगितला की त्याची शक्ती जाते. आणि लॉगिन करताना मोबाईलवर कोड येतो ना, तो बंद करायचा, कारण त्याने मंत्राचा अपमान होतो.

“म्हणजे आपला पासवर्ड त्यांना माहीत आहे?”

“त्यांनीच दिलाय म्हटल्यावर माहीत असणारच की,” पप्पा म्हणाले. वर ‘काय वेड्यासारखं विचारतेस’ असा चेहरा.

तिला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. ती तडक गणिताच्या बाईंकडे गेली. बाईंची वेणी कमरेखाली लोळायची. बाईंनी सगळं ऐकलं आणि स्वतःचा फोटो काढून दिला. त्या संध्याकाळी दुकानाच्या कॉम्प्युटरवर एका नव्या गिऱ्हाइकाची फाइल तयार झाली. बाईंचा फोटो, आणि खाली नोंद: पूर्ण टक्कल, लांब वेणीचा टोप.

पुढच्या सभेला बाई पहिल्याच रांगेत बसल्या. बाबांचं बोट फिरत फिरत बरोबर त्यांच्यावर आलं. “मला दिसतंय. ही वेणी तुमची नाही.”

बाई उठल्या, त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ओढा.”

बाबा जागचे हलले नाहीत. शेवटी रंगाचं दुकान चालवणाऱ्या मावशी पुढे झाल्या आणि त्यांनीच एक हिसका दिला.

“अहो, हळू. माझीच आहे ती.”

हशा ओसरायच्या आत भोंगा व्यासपीठावर चढली. ती फाइल खोटी आहे आणि आपणच बनवली आहे, हे तिने सांगितलं. बाबा कुठल्या लोकात बघत नाहीत, आमच्या खात्यात शिरून वाचतात. मग तिने एक दम घेतला. पप्पा एका बोटाने टाइप करताना मंत्र पुटपुटायचे, तो तिला केव्हाचा पाठ झाला होता.

“आमचा पासवर्ड आहे मेघअभयकवच.”

पप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. पण हसलं कुणीच नाही. पावभट्टीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. चष्म्याच्या दुकानदाराने मावशींकडे बघितलं. “हा तर माझा मंत्र आहे,” तो म्हणाला.

“तुमचा कसा? माझा आहे,” मावशी म्हणाल्या.

साऱ्या बाजाराला एकच किल्ली, आणि ती बाबांच्या खिशात. कुणाला सांगायचं नाही असं बजावलेलं, म्हणून कुणी ताडून बघितलंच नव्हतं. टॅबलेट काखेत मारून निघालेल्या बाबांच्या तोंडावर संघाच्या सचिवांनी दार लावलं आणि पोलिसांना फोन केला.

यात जादू कुठे आहे? कुणी आपलं गुपित बोलून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी ‘हे तुम्ही कुठे वाचलंत?’ एवढं विचारायला काय जातं? पासवर्ड आपला आपण ठरवावा. तो कुणी द्यायचा नसतो आणि कुणी मागायचाही नसतो. मोबाईलवरचा कोड बंद करायला सांगणारा माणूस आपलं दार उघडं ठेवायला सांगत असतो, मग त्याचा कोट कितीही पांढरा असो.

घरी आल्यावर पप्पांनी बंद केलेला कोड पुन्हा सुरू केला आणि नवा पासवर्ड टाकला, या वेळी तोंड घट्ट मिटून. मोबाईलवर कोड आला तेव्हा त्यांना बरं वाटलं. झालं ते झालं, ते म्हणाले, आता गिऱ्हाइकांना कळवून दुकानाचं नाव कशाला घालवायचं?

भोंग्याने टेबलावरची पेटी उचलली.

“मी ठरवलंय. उद्या शाळा सुटली की ही घेऊन मी पोस्टातल्या ताईंकडे जाणार. त्यांना सांगणार, की तो बाबा अंतर्यामी नव्हता, आपणच दार उघडं ठेवलं होतं. मग बाकीच्या सगळ्यांकडे. तुम्ही आलात तर तिघं जाऊ, नाहीतर मी एकटी जाईन. आणि तिथे मी हळू आवाजात बोलणार आहे.”