डाव्या टोकाचा खळगा

माझ्या डाव्या टोकापासून चार बोटं आत, पुढच्या कडेवर, तांदळाच्या दाण्याएवढा एक खळगा होता. आता तिथे एक फिकट डाग आहे, तोही उजेड तिरपा पडला तरच दिसतो. बोट फिरवलं तर कड सलग लागते. मित्रांनो, त्या खळग्याची गोष्ट सांगायची तर आधी थोडी माझी सांगावी लागेल.

मी एक जुना पंख आहे, पण पक्ष्याचा नाही आणि विमानाचाही नाही. माझं काम पाण्याखाली चालतं. वर एक फळी असते, तिच्यावर माणूस एक पाय पुढे ठेवून, अंग एका बाजूला वळवून उभा राहतो. फळीखाली उभा दांडा आणि दांड्याच्या तळाशी आडवा मी. वेग आला की मी पाणी खाली ढकलतो आणि पाणी मला वर ढकलतं. माझ्याबरोबर दांडा, फळी आणि माणूस असे सगळेच वर येतात. काठावरून बघणाऱ्यांना वाटतं, माणूस हवेत तरंगतोय. तरंगत कोणी नसतं. खाली मी असतो.

माझा जन्म साच्यात झाला. आत हलका फोम, त्यावर कार्बनच्या काळ्या धाग्यांचं कापड, त्यावर घट्ट होणारं चिकट रेझिन. कारखान्यातली एक बाई रूळ फिरवून कापडाखालची हवा बाहेर काढत होती. एक बुडबुडा राहिला तेव्हा तिने अख्खा थर उचलला आणि पुन्हा बसवला. आत काही राहिलं तर ते कधी ना कधी वर येतंच, असं ती शेजारणीला सांगत होती. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

मला घरी आणलं ते शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने. बसमधली मुलं त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. चाळिशी कधीच उलटलेली, पोट थोडं सुटलेलं. मला पाहून त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला होता. या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात आणि आमच्याकडे पाण्यावर उडायची हौस, असं ती महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. पण पहिल्यांदा काका पाण्यावर उभे राहिले तेव्हा काठावर सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच होत्या.

गावाबाहेरच्या तलावावर काकांचा एक मित्र होता. त्याच्याकडे जेमतेम चौघं मावतील एवढी मोटरबोट होती, तरी सगळे त्याला कप्तान म्हणत. कप्तान दोराने आम्हाला ओढायचा. शेवटी काका दोर सोडून द्यायचे आणि उरलेल्या वेगावर, जेटीच्या खांबाला अगदी खेटून, सरकत काठाला यायचे. हा त्यांचा तोरा होता. जेटीवर उभी असलेली मुलं ओरडायची, काका उडतात, काका उडतात. मी पाण्याखाली असल्यामुळे माझं कौतुक कोणी केलं नाही. एकट्या कप्तानाने एकदा मला उलटा धरून म्हटलं होतं, ही वस्तू चोख आहे बरं का. ते माझ्या लक्षात आहे.

बरीच वर्षं अशी गेली. मग एका संध्याकाळी माझं डावं टोक खांबाला लागलं.

पाण्याखाली लागलं तर आवाज फार होत नाही. काकांनी घरी येऊन मला शेडमध्ये नेलं, ओल्या जखमेत पुट्टी दाबली, वरून काळा रंग मारला आणि खिळ्यावर टांगलं. कोणाला काही सांगितलं नाही. नंतर पुन्हा लागलं. पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. दर वेळी डावीकडेच.

मला भिंतीवर टांगायची पद्धत ठरलेली होती. पुढची कड वर आणि पाठ, म्हणजे पाण्यात वर असते ती बाजू, बाहेर. म्हणजे समोर उभं राहिलं की माझं डावं ते बघणाऱ्याचंही डावं. काका अलीकडे शेडमध्ये येऊन स्टुलावर बसत, तळव्याने उजवा डोळा झाकत आणि माझ्या मधल्या स्क्रूवर नजर रोखून राहत. मग हात बदलत, डावा डोळा झाकत. मग पुन्हा उजवा. नंतर उठून, जणू काही झालंच नाही, चहाला आत जात. शेडचं दार उघडं असलं की अंगणात उभी असलेली पिवळी बस मला दिसे. मुलं तिच्या डाव्या दाराने चढत आणि उतरत. त्या बाजूचा आरसा चिकटपट्टीने बांधलेला होता.

एवढं पाहून मला समजायचं ते समजलं होतं. काकांना तर कधीच समजलं होतं. पण समजणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. ही बस ते त्यांची मुलगी पहिलीत होती तेव्हापासून चालवत होते. ती स्वतः त्याच बसने शाळेत गेली होती.

ती मुलगी आता दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा बनवते. एका रविवारी कप्तानाने तिच्याकडे तक्रार केली. तुझ्या बापाचा पंख पाण्याखाली शिट्टी मारतो, मासे माझ्यावर दावा लावतील, असं तो म्हणाला. कड कुठेतरी वाकडी असली की पंख शिट्टी मारतो, हे खरं आहे. मुलीने मला खिळ्यावरून उतरवलं, गोड्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि टेबलावर जुन्या उशीवर ठेवलं.

तिची आई दारात येऊन बघून गेली. “घरातली कढई कधी अशी घासली नाहीस,” ती म्हणाली.

“कढई शिट्टी मारत नाही गं.”

मुलीने आधी लॅबमधल्या बारीक अवजाराच्या मुठीने मला टकटक वाजवून पाहिलं. उजवीकडे आवाज टणक होता. डावीकडे, त्या खळग्याभोवती, बद्द. मग तिने पॉलिश पेपर ओला करून हळूहळू घासायला घेतलं. रंगाखाली करडी पुट्टी निघाली. करड्याखाली पुन्हा काळा रंग, त्याखाली पांढरी पुट्टी, त्याखाली आणखी एक रंग. एकात एक वर्तुळं दिसू लागली, कापलेल्या ओंडक्यावर दिसतात तशी. सगळ्यांत आतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला.

तिचा हात थांबला. तिने माझं उजवं टोक तिरप्या उजेडात धरलं. तिथे पुट्टी नव्हती, साधा ओरखडाही नव्हता.

तिने काकांना हाक मारली.

“बाबा, हे किती वेळा लागलंय?”

“अगं, लागतं की. खांबाजवळून येतो ना मी.”

“सगळं डावीकडेच?”

“उभं राहायची बाजू असते प्रत्येकाची. पाठ ज्या बाजूला, तिकडचं माणसाला दिसत नाही.”

तिने पेपर खाली ठेवला. “बाबा, तुम्ही उजवा पाय पुढे ठेवून उभे राहता. पाठ उजवीकडे असते तुमची. तोंड डावीकडे.”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मग बसचं ऑइल बघायचंय असं पुटपुटत बाहेर गेले. मुलीने खिडकीतून पाहिलं. ते बसच्या डाव्या आरशासमोर नुसते उभे होते.

मित्रांनो, मला वाटलं होतं, ती आता त्यांच्या मागे लागेल. तिने तसं काही केलं नाही. तिने खळगा चांगल्या पुट्टीने लगेच भरलाही नाही. सगळी जुनी पुट्टी तिने खरवडून काढली, जखम उघडी ठेवली आणि मला खिडकीशी, जिथे ऊन फिरत येतं, तिथे ठेवून दिलं. काकांनी एकदा विचारलं, कधी भरणार. ती म्हणाली, आतलं पाणी गेल्यावर. दातातसुद्धा कीड ठेवून वरून भरलं तर ते भरणं टिकत नाही, असंही म्हणाली, आणि लॅबला निघून गेली. काका बस घेऊन मुलांना आणायला गेले. सकाळ-दुपार जात राहिले. बस परत अंगणात येईपर्यंत तिची आई दोनदोनदा दारात येऊन रस्ता बघू लागली होती, म्हणजे मुलीने घरात काहीतरी सांगितलं असावं.

मी वाळलो. टकटक केल्यावर डावीकडूनही टणक आवाज आला. मग मुलीने खळग्याच्या कडा खरखरीत केल्या, कार्बन कापडाचा नखाएवढा तुकडा इपॉक्सीच्या चिकट मिश्रणात भिजवून बसवला आणि भोवती चिकटपट्टी लावली. मिश्रण तिने काट्यावर मोजून घेतलं, अंदाजाने नाही. घट्ट झाल्यावर पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने घासलं, आधी जाड पेपरने, मग बारीक. डावी कड उजवीसारखी झाली का हे बघायला तिने आपली लॅबची युक्ती वापरली. उजव्या कडेवरून पुठ्ठ्याचा साचा कापला, उलटा करून डावीकडे बसवला आणि मधे निळा कागद सरकवला. दात कुठे उंच लागतो ते पाहायला जो वापरतात, तोच. जिथे निळा ठिपका उठे, तिथे ती जरा घासे. ठिपके कमी होत गेले आणि मग उठेनासे झाले.

मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. आमच्यासारख्या वस्तूंना लागतं, त्यात विशेष काही नाही. लागलं की आधी उघडून बघा, वाळू द्या, मग भरा. ओलाव्यावर रंग मारू नका. रंगाने आम्ही बरे दिसतो, बरे होत नाही.

त्या संध्याकाळी तिने काकांना बोलावलं. “डोळे मिटा आणि दोन्हीकडून बोट फिरवा. सारखं लागतंय का सांगा.”

काकांनी डोळे मिटले. दोन्ही हातांची बोटं माझ्या दोन्ही कडांवरून एकदमच, सावकाश, टोकाकडे गेली. त्या बोटांवर स्टिअरिंगचे घट्टे होते.

“सारखं आहे,” ते म्हणाले. डोळे त्यांनी लगेच उघडले नाहीत.

मुलीने मला खिळ्यावर टांगलं, पुढची कड वर, पाठ बाहेर. काका नेहमीच्या स्टुलावर बसले. त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला, तिच्या देखत, आणि मधल्या स्क्रूकडे पाहिलं.

“तू एवढं छान केलंस ते टोक,” ते म्हणाले, “मला दिसतच नाहीये.”

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्यात आई पदराला हात पुसत दारात आली आणि उद्याच्या डब्यात पोळी देऊ की भात, असं तिने विचारलं. रोज याच वेळी विचारायची.

काकांनी हात डोळ्यावरून काढला.

“डबा नको भरूस,” ते म्हणाले. “उद्यापासून बस मी चालवणार नाही.”