दहापैकी सात

लोणी बाजूने ओघळत होतं आणि गॅव्हिन मिलिगन तो गरम चीज रोल हातात धरून नुसता बघत बसला होता. समोर मिसेस डॅलग्लीश, त्याच्याच माणसांनी बांधून दिलेल्या नव्या स्वयंपाकघरात, ओट्यावरून उगाचच हात फिरवत... आणि हिनेच दिले सात. दहापैकी सात!

लहान बांधकाम कंपन्यांची तुलना करणारा तो तक्ता — ग्राहकाने आठाच्या खाली दिले की सरळ 'असमाधानी'. वेळ पाळली, खर्च पाळला, कुणाला साधं खरचटलं नाही. पण या एका साताने मिलिगन बिल्डर्स रेषेच्या खाली, आणि शाळेच्या दुरुस्तीचं नवं काम मिळणार फक्त रेषेच्या वरच्यांना. ते काम नाही म्हणजे टिपेनेला पगार नाही. वीस वर्षं माझ्याकडे असलेला सुतार, बाहेर गाडीत बसलाय... शुक्रवारी, पगाराच्या दिवशी, त्याला काय सांगू? कुणी ठरवली ही मोजपट्टी — तिकडे दूर उत्तरेला ऑकलंड शहरात बसून, जिथे लोक कपभर कॉफीलाही दहा देतात! आमच्या या दक्षिण टोकाला, साउथलंडात, यायचं होतं एकदा.

"आजी," तो शेवटी म्हणाला, "ते सात... कुठे कमी पडलो आम्ही?"

"कमी?" म्हातारी चपापली. "अरे, चांगले सात दिले की! पाद्रीबुवांना मी सहाच्या वर चढू दिलं नाही कधी."

"नऊ करता येतील?"

"म्हणजे खोटं लिहू? चाळीस वर्षं संसार केला, नवऱ्याला आठ नाही दिले. खा मुकाट्याने, गार होतोय."

चिडावं तरी कुणावर? टिपेनेचं नाव घ्यायला हवं होतं, पोटतिडकीने सांगायला हवं होतं — पण इथे कुणी असं मागत नाही. मागितलंच तर एकदा, आणि तेही खाली बघून. त्याने रोल कसाबसा संपवला.

"काय म्हणाली?" गाडीत टिपेनेने विचारलं.

"सातच."

"सात? म्हणजे म्हातारी जाम खूश आहे की रे!"

गॅव्हिनच्या अगदी ओठांवर आलं — तुझ्यासारखा सुतार मी पाहिला नाही, तुझ्याविना माझी कंपनी म्हणजे नुसती पाटी... शुक्रवारच्या आत निदान एवढं तरी. त्याने किल्ली फिरवली.

"काम बरं झालंय," तो म्हणाला.

टिपेने खिडकीबाहेर बघत ओठ दाबून हसला, मनापासून सुखावून — आणि गॅव्हिनला स्वतःचीच भयंकर चीड आली, आणि तरीही पुढचा एक शब्द काही त्याच्या तोंडातून फुटेना.