चित्र तेलाचं, वायर पाण्याची

कट्.

आनंदीबाईंच्या अडकित्त्यात सुपारी फुटली आणि दुपारची शांतता मोडली. नारायण पेठेतलं ते घर दीड ते चार चिडीचूप असे. मी तेव्हा यज्ञेश्वररावांच्या सदऱ्याच्या खिशात, कागदाच्या पुडीत होतो.

“पुन्हा नाना पेठेत गेला होतात?” आनंदीबाईंनी विचारलं.

“गाडीसाठी दिवा आणलाय.”

“पुढे दोन आहेत, मागे दोन आहेत. अजून किती उजेड पाडणार आहात?”

मित्रांनो, तो दिवा म्हणजे मी. मी एक जुना लाल दिवा आहे. रस्त्यावर उजेड पाडणं माझं काम नाही. डॅशबोर्डवर गप्प बसायचं आणि काही बिघडलं की पेटायचं, एवढंच मला येतं. आकार बोराएवढा. आत इवलासा बल्ब, वर लाल काच, आणि काचेवर काळ्या रंगात काढलेली तेलाची झारी. तिच्या चोचीतून एक थेंब पडतोय. ज्या शेडमध्ये मी तयार झालो, तिथे आम्हा दिव्यांना रांगेत मांडून एका बाईंनी हा ठसा मारला होता. त्या दिवसापासून मी स्वतःला तेलाचा दिवा समजत आलो. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

ते साल त्र्याण्णव. रोज नव्या गाड्यांच्या जाहिराती यायच्या. यज्ञेश्वरराव एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. त्यांनी मात्र दुसऱ्याने वापरलेली पांढरी गाडी घेतली. इंजिन किती तापलं ते दाखवणारा तिचा काटा मध्यावरच अडकून बसला होता. गाडी थंड असो की उकळत असो, त्याचं आपलं एकच, सगळं ठीक आहे. म्हणून पाणी फार तापलं की पेटेल असा दिवा बसवायचं ठरलं.

बसवायला कचरू मिस्त्री आला. त्याने मला पुडीतून काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“साहेब, ह्यो तर तेलाचा हाय.”

“ठाऊक आहे. पाण्याचं चित्र असलेला पुढच्या आठवड्यात येणार म्हणाला दुकानदार. तोवर हा लाव.”

“लावू की. त्याला काय कळतंय अंगावर चित्र कुठलं हाय? वायर सांगंल ते त्यो बोलंल.”

मला कळत होतं, पण सांगणार कसं? कचरूने डॅशबोर्डला भोक पाडलं, कानशीने कडा घासल्या, मला आत सरकवून मागून नट आवळला. शेजारी बॅटरीचा नवा मीटर बसवला. माझी वायर पत्र्यातून पलीकडे नेऊन इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या एका लहानशा स्विचला जोडली. पाणी उकळायला आलं की तो स्विच जागा व्हायचा आणि मला पेटवायचा. गाडीचा मूळचा तेलाचा दिवा स्टिअरिंगमागे होताच. त्याच्यावरही अशीच झारी. तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याचा सदरा चोरून घातलाय!

पुढचा आठवडा आला आणि गेला. पाण्याचं चित्र असलेला दिवा आणायला यज्ञेश्वरराव काही गेले नाहीत. त्यांनी त्यांच्या पद्धतीने प्रश्न सोडवला. चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठ्या लिहायची त्यांना फार हौस. स्वयंपाकघरातल्या फडताळावर एक होती, ‘डब्याचे झाकण त्याच डब्याला लावावे.’ घड्याळाखाली होती, ‘हे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे. सर्वांना हे माहीत असल्याने उपयोग होत नाही.’ तशीच एक माझ्याखाली चिकटली. ड्रॉइंगमधलं सुबक अक्षर: ‘हा दिवा पाण्याचा आहे. चित्राकडे लक्ष देऊ नये.’

मित्रांनो, आपल्या तोंडाकडे लक्ष देऊ नये असं आपल्याच खाली लिहिलेलं असलं, तर कसं वाटेल? पण हळूहळू मला त्या चिठ्ठीचा आधार वाटायला लागला. मी कोण, ते निदान कुठेतरी लिहिलेलं होतं.

एकदा कात्रजच्या घाटात मी पेटलो. यज्ञेश्वररावांनी तिथल्या तिथे गाडी थांबवली, इंजिन निवू दिलं, मग पाणी ओतलं. “ह्या चिमुरड्याने इंजिन वाचवलं,” ते म्हणाले. आपल्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दसऱ्याला आनंदीबाईंनी स्टिअरिंगला हार घातला आणि मलाही हळदीकुंकवाचं बोट लावलं.

पुढे प्रत्येक दसऱ्याला बोट लागत गेलं. हळद सांडायची, कुंकू ओघळायचं. चिठ्ठी आधी पिवळी झाली, मग लाल, मग तिचा एक कोपरा सुटला. नव्याण्णवच्या दसऱ्याला आनंदीबाईंनी ओलं फडकं फिरवलं, तेव्हा ती निघालीच. त्यांनी ती चुरगळून निर्माल्याच्या पिशवीत टाकली. काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. मी माझ्या जागी होतो, पण माझ्या अंगावर आता फक्त झारी उरली.

त्याच हिवाळ्यात यज्ञेश्वररावांचे गुडघे धरले. क्लच दाबवेना. गाडी त्यांनी मुलीला दिली. स्पृहा लग्न होऊन वारज्याला राहत होती, तिची मुलगी मुक्ता पाच वर्षांची. चाव्या देताना त्यांनी टायरची हवा, बॅटरीचं पाणी, डिकीतला तेलाचा डबा असं सगळं सांगितलं. माझ्याबद्दल बोलले नाहीत. ते चिठ्ठीवर लिहिलेलं आहे, या भरवशावर ते होते.

स्पृहाला नोकरी करायची होती. मुक्ता झाल्यापासून ती घरीच होती. कुकरची शिट्टी आणि धुण्याचा पिळा यांच्या मधल्या वेळात तिने वर्षभर कॉम्प्युटरचा कोर्स केला. मुक्ता झोपली की पुस्तक उघडायची, ती उठली की मिटायची. मे महिन्यात हिंजवडीच्या एका नव्या कंपनीत लेखी परीक्षा होती. पत्रात लिहिलं होतं की दार साडेनऊला बंद होईल आणि नंतर कोणालाही आत घेतलं जाणार नाही.

शाळेला सुट्टी होती. परीक्षा होईपर्यंत मुक्ताला सांभाळायला आनंदीबाई सोबत निघाल्या. सकाळचे साडेआठ, पण ऊन तापलेलं. चांदणी चौकाच्या चढावर स्विच जागा झाला आणि मी पेटलो.

“आई, तेलाचा दिवा लागला!” स्पृहा म्हणाली.

“मग तेल घाल.”

तिने गाडी कडेला घेतली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं तसं सगळं नीट केलं. बॉनेट उघडलं, तेलाची कांडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल बरोबर खुणेपर्यंत. ती आत येऊन वाकून बघायला लागली.

“आई, इथे तेलाचे दोन दिवे आहेत. एक लागलाय, एक नाही.”

“दोघांतला शहाणा कोण?”

“तेच कळत नाहीये गं!”

“तुझ्या बाबांनीच बसवलाय तो दुसरा. म्हणजे काहीतरी खोच असणार,” आनंदीबाई म्हणाल्या. “पण काय ते मला विचारू नकोस.”

मी जीव तोडून जळत होतो. पाणी, पाणी! पण माझ्याकडे बोलायला एकच शब्द, आणि तो माझ्या काचेवर भलताच छापलेला. तापमानाच्या काट्याकडे पाहिलं तर तो मध्यावर झोपलेला. स्पृहाने डिकीतून डबा काढून थोडं तेल ओतलं. तेवढ्यात इंजिन जरा निवलं आणि मी विझलो.

“बघ, गेला!” आनंदीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा पेटायचं होतं, आणि वायर गप्प होती. मला स्वतःचीच शंका आली. खरंच तेल हवं होतं का? मी तेलाचाच दिवा आहे का?

बावधनच्या पुढे मी पुन्हा पेटलो. स्पृहाने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून सात मिनिटं.

“तेल आहे. मी स्वतः पाहिलंय. हा दिवाच बिघडलाय,” ती म्हणाली आणि गाडी दामटली.

मग बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली. आत काहीतरी खडखडलं, आणि गाडी जागच्या जागी थांबली ती थांबलीच. मुक्ता रडायला लागली. रिक्षा मिळेपर्यंत साडेनऊ होऊन गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने स्पृहाचं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, “ताई, मी नाही सोडू शकत.”

संध्याकाळी कचरू मिस्त्री मला हातात घेऊन वारज्याच्या घरी आला. यज्ञेश्वररावही आले होते.

“खालचा पाइप फाटला व्हता. आत पाण्याचा थेंब नाय. इंजिन जाम झालंय,” कचरू म्हणाला. “पर ह्यो बरोबर पेटला व्हता साहेब. ह्याची काय चूक नाय.”

“खाली चिठ्ठी होती!” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“कुठे होती, बाबा?” स्पृहाचा आवाज चढला. “मला तेलाची झारी दिसली. मी तेल बघितलं. अजून काय करायचं होतं मी?”

आनंदीबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मी काढली ती. दसऱ्याला. मळली होती.”

“वाचली नाहीस?”

“अहो, घरभर तुमच्या चिठ्ठ्या. मी वाचायचं केव्हाच सोडलंय.”

मला वाटलं, आता ते काहीतरी तिरकस बोलणार. पण ते चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, “चिठ्ठी लिहिण्यापेक्षा दिवा बदलायला हवा होता. सात वर्षं होती माझ्याकडे.” आणि थोड्या वेळाने, स्पृहाकडे न बघता, “तुझी परीक्षा माझ्यामुळे गेली.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या लहान दिव्यांना पुसा, तपासा, जपा. पण त्याआधी आमच्या तोंडावर आमचंच काम लिहा. कोणालाही ‘तोवर’ म्हणून कुठेतरी बसवून विसरून जाऊ नका. त्याला बोलायची वेळ येते तेव्हा त्याचं बोलणं कोणाला कळत नाही.

सगळे गेल्यावर स्पृहा मला तळहातावर घेऊन खिडकीपाशी बसली. तिने माझ्या काचेवर अंगठा घासून पाहिला. झारी पुसली गेली नाही. मुक्ता तिच्या मांडीवर चढली आणि तिने मला दोन बोटांत धरलं.

“आई, ह्याने आपल्याला खरं सांगितलं की खोटं?”

स्पृहा खिडकीबाहेर बघायला लागली. मीही वाट बघत होतो. मुक्ताने तिची हनुवटी आपल्याकडे वळवली.

“सांग ना आई. खरं की खोटं?”