जुन्या कोठारातली उलटी फेरी

मी बोलतेय. लार्च रिव्हर गावचे लोक मला जुनं कोठार म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्यात कधी दाणा साठवला नाही की गवताची पेंढी. मी बर्फ सांभाळला. मी आइस हॉकीचं मैदान आहे, डोक्यावर छप्पर असलेलं, भर गावात, कागदगिरणीच्या रस्त्याला. आणि नाव कोठाराचं असलं तरी मी स्वतःला बाईच समजते. अख्खं गाव पोटात घेऊन बसणारी दुसरी कोण असणार?

मला गिरणीतल्या माणसांनीच बांधलं. पाळी सुटली की घरी न जाता इकडे वळायचे. छपराच्या लाकडी कमानी त्यांनी दोर लावून चढवल्या, तेव्हा शिव्या आणि प्रार्थना एकाच दमात चालल्या होत्या. फरशीवर पहिलं पाणी सोडलं, ते गोठलं, आणि सगळे काठाला उभे राहून नुसते बघत राहिले. त्या चकचकीत बर्फावर पहिला पाय ठेवायला कोणी धजेना.

शनिवारी सामने व्हायचे. बायाबापड्या घोंगड्या पांघरून, गाईच्या गळ्यातल्या घंटा बडवत बसायच्या. पंचाच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्याच पंचाला हसून ‘कसं काय’ विचारायच्या.

माझा जीव मात्र रविवारच्या दुपारीत. त्या दिवशी बर्फ सगळ्यांसाठी मोकळा. पायात स्केट्स बांधून लहानथोर फिरायचे, सगळे एकाच दिशेनं, मधला लाल ठिपका डाव्या हाताला ठेवून. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पोरं चालायला शिकत तेव्हाच तो त्यांच्या पायांत उतरत असे. मग मध्येच वासिल कर्णा तोंडाला लावून ओरडायचा, ‘उलटे फिरा!’ की उडाली धांदल! आदळणं, हसणं, कुणाची टोपी कुणाच्या पायाखाली.

हा वासिल माझा बर्फ राखायचा. पिंपाच्या गाडीतून गरम पाणी सोडून तो मला असा गुळगुळीत करायचा की छपरातले दिवे खाली दिसावेत. त्याची बायको व्हर्ना कँटीनमध्ये बटाटे तळायची. दर रविवारी तो तिच्या खिडकीवर टिचकी मारायचा.

“एक फेरी मार की गं माझ्याबरोबर.”

“तेल तापलंय.”

“तेल काय, रोजच तापतं.”

“मग तूही रोजच विचार.”

आणि तो विचारायचा. ती काही कधी आली नाही. गिऱ्हाईक कधी संपतंय? एका वसंतात, बर्फ वितळवायच्या दिवसांत, वासिल गेला. व्हर्नानं कँटीनची खिडकी ओढून घेतली ती घेतलीच.

मग गिरणी बंद पडली. हमरस्त्याला नवं मैदान झालं, खुर्च्यांना गाद्या असलेलं. माझं बर्फाचं यंत्र बंद केलं त्या दिवशी मला कळलं, इतकी वर्षं जी घरघर चालली होती ती माझी छाती होती. बर्फ पाणी होऊन मोरीतून वाहून गेला. उरली उघडी फरशी, तिच्यावर रंगवलेल्या फिकट रेघा, मधला लाल ठिपका, आणि कबुतरं. फळ्यावर शेवटच्या सामन्याचे आकडे तसेच राहिले: घरचे तीन, पाहुणे तीन. बरोबरी. निकाल लावायला कोणी परत आलंच नाही.

येणारे आले, पण वेगळ्याच कामाला. कुणाला माझं दुकान करायचं होतं, कुणाला माझ्यात घरं पाडायची होती. येत, भिंतीवर बुक्की मारून बघत आणि जात. शेवटी महापौर लेस्टरनं ठरवलं: पाडून टाकायचं, गाड्या लावायला जागा करायची. जानेवारीतल्या एका दुपारी दारं उघडली. ज्याला हवी त्यानं आपली खुर्ची घरी न्यावी, म्हणजे निरोपही होईल.

गाव आलं. खुर्च्या खोलायला पाना घेऊन येणारा गडी मात्र आला नव्हता. आत थंडी अशी की दात वाजावेत. उभं राहून गारठण्यापेक्षा लोक फरशीवर चालू लागले. बघते तर काय, सगळे एकाच दिशेनं, लाल ठिपका डाव्या हाताला ठेवून! फक्त लेस्टरचा जावई, टोरंटोहून आलेला, समोरून येत होता.

“अहो जावईबापू!” म्हातारी ओडेट काठी उगारून ओरडली. “उलटे कुठं निघालात? आपटाल कुणावर तरी!”

“बर्फ कुठं आहे मावशी? कसंही चाललं तर काय बिघडतं?”

“सासऱ्याला विचार काय बिघडतं ते. वळ आधी!”

तो बिचारा वळला.

व्हर्ना आपल्या बंद खिडकीशी एकटी उभी होती. काचेवर तिनं स्वतःच टिचकी मारली. आत तेल तापलेलं नव्हतं. मग ती कठड्याला धरून खाली उतरली आणि चालू लागली. माझ्या फरशीवर, आयुष्यात पहिल्यांदा. सावकाश, डावा हात जरा बाजूला धरून, जणू कुणी तो धरलेलाच आहे. एक फेरी पुरी झाली, तेवढ्यात लेस्टर दारातून आला आणि बोलता बोलता घोळक्याबरोबर फिरू लागला.

“उलटे फिरा!” व्हर्ना ओरडली. थेट वासिलचा सूर.

अख्खं गाव गर्रकन वळलं. लेस्टरही वळला, आणि मग आपल्याच पायांकडे बघत उभा राहिला.

“काय रे लेस्टर, पायांनी तुला विचारलं का वळताना?”

“व्हर्नामावशी, अहो...”

“बाहेर रस्ते काचेसारखे. ह्या ओडेटनं मागच्या हिवाळ्यात कंबर मोडून घेतली. बर्फ पडला की आम्ही वसंतापर्यंत खिडकीत. गाड्यांना जागा देतोस, ती आम्हाला चालायला दे.”

“आणि गाड्या कुठं लावायच्या?”

“राहू देत उघड्यावर. गाड्यांना कंबर नसते.”

लोक हसले. लेस्टर हसला नाही. पाना घेऊन आलेल्या गड्याला त्यानं दारातूनच परत पाठवलं.

तर आता मी पडत नाही. माझ्यात शेगड्या बसवल्या आहेत. खरं सांगू? मला ऊब सोसत नाही. लाकूड कुरकुरतं. मी थंडीसाठी जन्मले, आणि ज्यानं मला थंड ठेवलं तो नाही. दुपारी म्हातारे येतात, फिरतात, घरी जातात. व्हर्नाही येते. तिचा डावा हात अजून जरा बाजूलाच असतो. मग दार लागतं, आणि पुन्हा मी आणि फळ्यावरचे तीन-तीन.

कधी ह्या बाजूला आलात तर आत या. लाल ठिपका डाव्या हाताला ठेवा. आणि कुणी ‘उलटे फिरा’ म्हणून ओरडलं, तर का म्हणून विचारू नका. वळा.