बायनाची विहीर

भूजल खात्याचा वीरेश पहिल्यांदा मोजपट्टी घेऊन गावात आला, तेव्हा त्याला उपसा नसलेली विहीर हवी होती. मोटार चालू असली की पातळी खोटी निघते, असं त्याचं शास्त्र. शास्त्र खरंच होतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. मुक्ताबाई त्याला गावाबाहेरच्या विहिरीवर घेऊन गेली. तिची थोरली लेक बायना तिथेच पाणी शेंदताना पाय घसरून पडली आणि गेली. तेव्हापासून त्या पाण्याला गावात कोणी तोंड लावलं नव्हतं. मुक्ताबाईला एवढंच वाटलं, की सरकारचं माणूस तरी लेकीच्या विहिरीवर येत जाईल. बायनाचं तिने काही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. तेव्हापासून गावाच्या पाण्याचं माप दरवर्षी तिथेच होऊ लागलं.

पुढे आष्टीच्या बाजारात परदेशी थंड पेयांच्या बाटल्या आल्या आणि गावातले आड मात्र एकेक करून आटले. सरपंच तानाजीराव टँकरसाठी अर्ज करकरून थकले. दरवेळी वीरेशच्या मापावर बोट ठेवून वरून उत्तर यायचं, तुमच्या विहिरीत मुबलक पाणी आहे, टंचाई नाही. खरं सांगितलं तर साहेब म्हणायचे, अंधश्रद्धा सोडा, तेच पाणी प्या. कागदाला तहान लागत नाही, त्याचं काय जातं! इकडे मुक्ताबाईची सून, दिवस भरत आलेली, कोसभरावरून हंडा आणायची.

शेवटी तानाजीराव तिच्याच दारात आले.

"मुक्ताकाकू, पयला पोहरा तुमी काढा. तुमी पिलं तर गाव पिईल. विहीर आटली की टँकर द्यावाच लागंल त्यान्ला."

"माझ्या लेकीलाच उपसाया सांगतोस व्हय रे, तान्या?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून बसली. मग सुनेकडे बघून उठली.

तिने पोहरा ओढला, सगळ्यांदेखत घोटभर पाणी प्यायली आणि हंबरडा फोडला. मग गाव तुटून पडलं. आठवडाभरात विहिरीचा तळ दिसू लागला.

उन्हाळ्यात वीरेश आला. आत वाकून बघताच त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हिच्यावर उपसा कधी सुरू झाला?"

या खेपेला तिने काही लपवलं नाही. बायनासकट सगळं सांगितलं. तो डोकं धरून काठावर बसला.

"उपसलेल्या विहिरीचं माप वर धरत नाहीत, मावशी. हे बाद होणार. टँकरचं जुन्याच मापावर ठरेल."

"मंग गाव तहानलंय म्हून लिवा की!"

"त्याला रकाना नाही." त्याचा आवाज पडला होता. "नवी विहीर धरून पुन्हा मापं घ्यावी लागतील, काही वर्षं तरी. उपसा नसलेली दुसरी एखादी आहे का गावात?"

बांधावरून सून हंडा घेऊन येत होती, एक हात कमरेवर टेकवून. मुक्ताबाई तिच्याकडे बघत राहिली.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "आजून दुसरं कोनी पडलं न्हाई."