हलके छर्रे

मी नबी. अकोल्याच्या सराफ्यात तीस वर्षांपासून चांदीचं काम करून राहिलो. काट्यावर ठेवल्याशिवाय मी कोणाचा शब्द घेत नाई. बायको जहाँआरा म्हणते, तुमी मलेही तोलूनच पसंत केलं असन. असन तर असन. वजनात खाणारे लय पाह्यले म्या.

माही पोरगी लुबना हवेच्या पिस्तुलानं निशाणा मारते. दर रविवारी अमरावतीले गजेंद्र सरांकडे शिकाले जाते. यंदा राज्याच्या निवडीत आमच्या भागातून एकच जागा उरली होती, अन् तिच्यासाठी दोघी उभ्या होत्या. एक लुबना, दुसरी प्रणाली. अन् प्रणाली कोण? सरांच्या सख्ख्या बहिणीची पोरगी. आता तुमीच सांगा, माह्या डोक्यात काय येईन?

निवडीच्या पंधरा दिवस आधी लुबना सरांकडून शिशाच्या छर्ऱ्यांचा नवा डबा घेऊन आली.  ती कॉलेजात गेल्यावर म्या दहा छर्रे काट्यावर ठेवले. साडेचार ग्रॅम भरले. पुढच्या रविवारी तिच्या संगं गेलो, अन् बघाले म्हणून प्रणालीच्या डब्यातले दहा मागून आणले. बिचारीनं हसत हसत देले. ते भरले पाच ग्रॅमाच्या वर, पाच पॉइंट तीन!

माहं डोस्कंच फिरलं. चांदीत एवढा फरक पडला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेते. भाचीले भारी माल अन् माह्या पोरीले हलका? वा रे गुरुजी! लुबनाले विचारावं असं एकदा मनात आलं. पण ती भोळी, सरांले सांगून बसली असती. म्हणून नाई विचारलं. अमरावतीच्याच दुकानातून प्रणालीवाले भारी छर्रे घेतले अन् निवडीच्या आदल्या दिवशी गुपचूप लुबनाच्या डब्यातले हलके काढून त्यात भरले. दिसाले सारखेच. सरांची बरी जिरवली, असं वाटलं मले.

निवडीच्या दिवशी अमरावतीले मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. सरावाचेच छर्रे खाली लागले. तिनं पिस्तुलाचा नेम सुधाराचा स्क्रू फिरवला, पुन्हा मारले. मंग एक मधात, एक बाजूले, असं चाललं. लुबना एका गुणानं हरली. जागा प्रणालीले भेटली. मी सरांकडे असा पाहून राहिलो होतो का त्यायनं नजर खाली घातली. म्या म्हटलं, पाहा, चोराचं तोंड.

 पोरगी घरी आली ते थेट माह्या काट्यापाशी बसली. उरलेले दहा छर्रे ठेवले, जसं म्या तिले शिकवलं होतं तसंच, हात दूर घेऊन. आकडा पाह्यला अन् फोन उचलला.

"अब्बा, सरांनी माहे छर्रे बदलले. भाचीसाठी. मी आत्ताच्या आत्ता तक्रार करते."

 चूप राह्यलो असतो तर त्या माणसाची जिंदगीभराची इज्जत गेली असती. तिच्या हातातला फोन धरला.

"सरांनी नाई. म्या बदलले."

ती उठली, बॅगेतून दोन कागद आणून माह्यासमोर ठेवले. एकावर पाच हलक्या छर्ऱ्यांचं मिळून एकच भोक, चवन्नीनं झाकन एवढं. दुसऱ्यावर भारी छर्ऱ्यांची पाच भोकं, पाच जागी. पिस्तूल शिकंज्यात आवळून तिनं स्वतः मारले होते. माह्या पिस्तुलाले हलकेच मानवतात, म्हणे. प्रणालीच्याले भारी. सरांनी फक्त डबे आणून देले होते.

"मले काहून नाई विचारलं?" एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मले लय शरम वाटली.

पुढच्या रविवारी तिनं सरांले जाऊन सगळं सांगितलं. आताही ती दर रविवारी जाते, पुढच्या वर्षाची तयारी चालू हाय. पण छर्ऱ्यांचा डबा घरी आणत नाई. प्रणालीच्या घरी ठेवते.