धावड्याचा ठोकळा

धावड्याचं ओलं लाकूड पाण्यात तरंगत नाही, बुडतं.

लेबलांच्या एका शीटवर चोवीस लेबलं असतात. मी दोन शीट आणल्या. सात लेबलं उरली.

वडशाहून ब्रह्मपुरीला येणाऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं बसतात.

तान्ह्या पोळ्याचा नंदी करताना शिंगं सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या वाढयाच्या अवजाराला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीवर वाट पाहत बसलेला माणूस हात गुडघ्यांवर ठेवतो.

डॉक्टर म्हणाले, डोकं आधी विसरेल, हात उशिरा विसरतील. हात चालतात तोवर चालू द्या.

०

माझे बाबा मुखरू वाढई. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. आई, वच्छलाबाई, गेली त्या वर्षी मी त्यांना गावाहून ब्रह्मपुरीला आमच्या घरी आणलं. जीपमध्ये ते पुढे बसले होते. दोन पोती टपावर होती, एकात कपडे आणि एकात अवजारं. धावड्याचा ठोकळा मात्र त्यांनी टपावर ठेवू दिला नाही. हातभर लांब, वीतभर उंच, त्यांच्या बाबांच्या हातचा. तो मांडीवर घेऊन ते पूर्ण रस्ता बसले. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, याचं तिकीट लागते." बाबा म्हणाले, "अर्धं घे. मांडीवर बसून आहे तो."

माझे यजमान प्रफुल शाळेत मास्तर आहेत. त्यांनी स्वतःहून गाडी बाहेर काढून लिंबाखाली लावली आणि गॅरेज बाबांना दिलं. बाबांनी शटर उघडलं, मध्यभागी ठोकळा ठेवला, त्याच्यासमोर बसले आणि कामाला लागले. पोळपाट, पाट, आणि तान्हा पोळा जवळ आला की गल्लीतल्या पोरांना ओढत मिरवायला लाकडाचे नंदी.

त्यांचं बसणं असं होतं : उजवा पाय दुमडलेला, डावा लांब. डाव्या पायाच्या बोटांनी लाकूड ठोकळ्यावर दाबून धरायचं आणि वाकसाच्या आडव्या पात्यानं तासायचं. वाकस दर वेळी अंगठ्यापासून बोटभर दूर पडायचा. मी लहानपणापासून ते पाहिलं होतं आणि लहानपणापासून मला ते आवडत नव्हतं.

त्याचं कारण आमच्या गावचं एक अंगण. बाबा तिथे दाराची चौकट करत होते. घरचे लोक खुर्च्यांवर बसले होते. चहा आला तो वरून खाली आला. देणारी वाकली नाही, बाबांनीच हात वर केला. मी बारा वर्षांची होते, त्यांचा डबा घेऊन उभी होते. बाबा उभे का राहत नाहीत, एवढंच तेव्हा मला कळत नव्हतं.

०

पहिल्या वर्षी बाबा आईचं नाव विसरले. दुसऱ्या वर्षी माझं. गॅरेजमध्ये मात्र काही विसरत नव्हते. त्यांच्याभोवती अवजारं विखुरलेली असायची, भुश्यात अर्धी बुडालेली. त्यांचा हात मागे जायचा आणि लहान पटाशी घेऊन यायचा. डावीकडे जायचा आणि गुण्या घेऊन यायचा, काटकोन पाहायला. ते मान वळवत नसत.

मला वाटलं, हे असंच किती दिवस चालेल. उद्या पटाशी कुठे ठेवली ते आठवलं नाही तर? डॉक्टर म्हणाले होते ना, हात चालू द्या. म्हणजे हातांना सगळं सापडलं पाहिजे. म्हणजे सगळं जागच्या जागी पाहिजे. मी कॉलेजच्या ऑफिसात पंधरा वर्षं फायली लावते आहे. जागच्या जागी म्हणजे काय ते मला कळतं.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. परदेशातली माणसं गॅरेजात कारखाने लावतात, भिंतीवर पाटी, पाटीवर करवती आकाराप्रमाणे. मी गॅरेज मोजलं. बारा बाय सोळा. कमरेइतक्या उंचीचं टेबल करून घेतलं, त्याला लाकूड पकडायचा लोखंडी शिकंजा बसवला. भोकांची पाटी, अवजारं टांगायला आकडे, प्रत्येकाखाली नावाचं लेबल, खिळ्यांसाठी पारदर्शक डबे, दोन ट्यूबलाइट. पोळ्याला महिना होता. एका रविवारी मी झाडू घेतला.

बाबा अंगणात खुर्चीवर बसून पाहत होते.

"काऊन उचलून राह्यली ते?"

"तुमच्यासाठीच, बाबा. आता खाली बसाचं नाई. उभं राहून काम करा."

"उभं राहून पोलीस काम करते."

प्रफुल हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुनम, थोडं त्यायच्या मनासारखं राहू दे ना."

"मन राह्यलं कुठी त्यायचं?" मी म्हणाले. हे मी म्हणाले.

भुसा पोत्यांत भरला. तुटके तुकडे परसातल्या चुलीपाशी टाकले, अंघोळीचं पाणी तापवायला. ठोकळा टेबलाच्या पायाशी अडत होता. वरून सगळा घावांनी खोलगट झालेला, कडा गेलेल्या. टेबल आल्यावर त्याचं काम उरलं नव्हतं. तोही मी चुलीपाशी नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खाच आत सरकवला.

झाडायच्या आधी एक फोटो काढला होता, झाल्यावर एक. दोन्ही फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. दुसऱ्याला बावीस अंगठे आले.

०

सोमवारी बाबा टेबलासमोर उभे राहिले. लहानशा नंदीचं अर्धवट अंग मी शिकंज्यात पकडून ठेवलं होतं. त्यांनी रंधा घेतला, मी पाटीवरचं लेबल वाचून दाखवलं, "रंधा." मग ते थांबले. त्यांचा डावा पाय जमिनीवरून थोडा उचलला गेला, बोटं उघडली, लाकूड शोधू लागली. टेबल फार वर होतं. पाय परत खाली आला.

"माहा ठोकळा कुठी आहे?"

"चुलीत गेला, बाबा. जुना झाला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. "माह्या बाबाचा होता तो," म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले.

मंगळवारी पुन्हा, नव्यानं : माहा ठोकळा कुठी आहे? मी पुन्हा खरं सांगितलं. त्यांना ते पुन्हा पहिल्यांदाच लागलं.

बुधवार : आहे ना, परसात आहे.

गुरुवार : ह्यायनं शाळेत नेला, पोरायले दाखवाले.

शनिवार : कोणता ठोकळा?

हे शनिवारचं उत्तर सगळ्यात वाईट होतं. ते म्हणाले, "हो, मले आताशा आठवत नाई," आणि माझीच समजूत घातल्यासारखं हसले.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. मला बरं वाटलं. मला वाटलं, ते ठोकळा विसरले.

०

ते ठोकळा विसरले नव्हते. गॅरेज त्यांचं आहे, हे विसरले होते.

हे मला नीलिमाबाईंमुळे कळलं. समोरच्याच घरातल्या. शिकंज्यातला तो अर्धवट नंदी त्यांच्या नातीचा होता. पोळ्याला आठ दिवस राहिले तेव्हा त्या शटरपाशी आल्या.

"मुखरूभाऊ, आमचा बैल जन्मला का नाई अजून? पोरगी रोज झूल घेऊन बसते."

बाबा खुर्चीवर बसले होते, हात गुडघ्यांवर. "मालक आला नाई," म्हणाले. "तो आला का विचारा त्याले. मी तर सकाळपासून बसलो आहो."

"कोण मालक, भाऊ?"

"ज्याचं दुकान आहे हे. मोठा वाढई दिसते. नावं लिवून ठेवली त्यानं एकेका अवजारावर. लिहिता येणारा वाढई मी पाह्यला नाई अजून."

नीलिमाबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि मग हसायचं थांबल्या.

मी पुढे झाले. पाटीवरची पटाशी काढून त्यांच्यापुढे धरली. "बाबा, तुमचीच आहे. घ्या ना."

त्यांनी हात मागे घेतला. "ठेव बाई ते. दुसऱ्याच्या अवजाराले हात नाई लावाचा. धार बिघडली तर तो काय म्हणन?"

आयुष्यभर ते याच शिस्तीनं वागले होते. गावात दुसऱ्या वाढयाची करवत अंगणात पडलेली दिसली तरी ते पायानंसुद्धा सरकवत नसत.

०

त्या रात्री मी आधीचा फोटो मोठा करून पाहिला. सकाळी लेबलं सोलली. टेबल बाहेर काढलं. परसातून दोन पोती भुसा परत आणून पसरला. फोटोत पाहून एकेक अवजार जमिनीवर ठेवलं. पण फोटो दारातून काढला होता, बाबा आत बसून दाराकडे तोंड करत. त्यांच्या उजव्या हाताला काय होतं ते माझ्या डावीकडे होतं, आणि भुश्याखाली काय होतं ते फोटोत नव्हतंच. तरी मी सगळं मांडलं. मधली जागा रिकामी होती. वाकस ठोकळ्यापासून किती लांब, पटाशी किती, ते सगळं ठोकळ्यावरून मोजायचं होतं.

धावडा मिळाला नाही. प्रफुल बहिणीकडे आलापल्लीला गेले होते. तिथल्या आरागिरणीतून सागाचा एक जाड तुकडा पावतीसह घेऊन आले. चांगला होता. वास येत होता.

बाबांनी शटरमध्ये उभं राहून सगळं पाहिलं. खाली बसले. त्यांनी सागावरून तळहात फिरवला, नखानं रेष ओढून पाहिली.

"सागाचा ठोकळा करते का कोणी?" ते म्हणाले. "श्रीमंत दिसते मालक."

आणि उठून खुर्चीवर जाऊन बसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रफुलनी शेवटचा उपाय केला. त्यांनी डोक्याला उपरणं बांधलं, कानावर पेन्सिल लावली, आणि बाहेरून शटर वाजवत आत आले.

"राम राम, मुखरूभाऊ. मी मालक. उशीर झाला बा मले. घ्या काम, हा नंदी करा पुरा. अवजारं आपलीच समजा."

बाबा लगबगीनं उभे राहिले. राम राम केला. मग प्रफुलचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळव्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ. तो मास्तरचा हात होता, मऊ, बोटाच्या पेरावर खडूचा पांढरा डाग.

"तुमी चांगले माणूस आहा," बाबा म्हणाले. "पण हा हात वाढयाचा नाई."

प्रफुलनी उपरणं सोडलं.

"मालक आला म्हणजे सांगजा," बाबा मला म्हणाले, "मुखरू वाढई येऊन गेला म्हणून. आता मले घरी जाऊ द्या, बाई. पोरगी डबा घेऊन येते. मी दिसलो नाई तर भेते ते."

तान्ह्या पोळ्याला नीलिमाबाईंच्या नातीनं बाजारातला नंदी ओढला, चाकं असलेला, पांढऱ्या रंगाचा. अर्धवट नंदी गॅरेजमध्ये आहे. त्याला पाय आहेत, वशिंड आहे, मान आहे. मी रोज सकाळी शटर उघडते. बाबा खुर्चीवर बसतात. पोळ्याला ते शर्टाची बटणं स्वतः लावत होते. दिवाळीपासून मी लावते.

ठोकळा जळाला त्या सकाळी पाणी इतकं कढत झालं होतं की बाबांनी अंघोळीला दोनदा थंड पाण्याचं विसण मागून घेतलं.